एकाच बरणीत

पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरला लोक बिचकतात. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी कुणी पटकन बसायचं नाही, आणि बसलंच तर मी जिलेबी कुठल्या हातानं उचलते याच्याकडे त्याचं लक्ष. मला त्याचं हसू यायचं. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, इंदापूर तालुक्यातल्या एका सरकारी रुग्णालयात पहिलीच नेमणूक होती. जिवंत माणूस डॉक्टरला थापा मारतो, मेलेला मारत नाही, असा माझा ठाम समज होता आणि तो मी चारचौघांत ऐकवायचेसुद्धा. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

१९९५ सालच्या नागपंचमीचा आदला दिवस. दुपारी चारच्या सुमाराला वरकुट्याहून एक जीप आली. जीपमध्ये सुकन्या होती. बावीस वर्षांची, बारामतीजवळ कन्हेरीला दिलेली, पंचमीला माहेरी आलेली. तिला पायऱ्यांवरून वर आणेपर्यंत ती गेली होती. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शेतीच्या औषधानं मेलेली माणसं आमच्याकडे महिन्याला दोन-तीन यायचीच, त्यामुळे काय झालंय ते मला बघताक्षणी कळलं. कसं झालंय हा प्रश्न माझा नव्हता, असं मी तेव्हा समजत होते.

तिची आई आक्काबाई जीपमधून उतरली ती ओरडतच. "राम्यानं घातलं वो बाई माझ्या लेकीला! पेढ्यातनं घातलं!"

राम म्हणजे तिचा जावई. तोही त्याच जीपमध्ये होता, बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. त्याचा सदरा सुकन्याच्या ओल्या केसांनी पार भिजला होता. सासू कुणाचं नाव घेतेय हे त्याच्या कानात शिरतच नव्हतं. तो मला एवढंच म्हणत राहिला, "बाई, सलाईन लावा की. सलाईन लावा." मी काही लावलं नाही. लावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

राम काही परका नव्हता. आक्काबाई त्याची सख्खी मामी. मामाचीच मुलगी केलेली, चड्डीत होता तेव्हापासून त्या घरात वाढलेला. पण चार वर्षांत मूल झालं नव्हतं. कन्हेरीत दुसरं लग्न करायची भाषा सुरू झाली होती, ती वरकुट्यापर्यंत पोचली होती. पंचमीला सुकन्या माहेरी आली ती परत न जायचं ठरवूनच. तिची समजूत घालायला राम त्या दिवशी दुपारी पेढ्यांचा पुडा घेऊन आला. घराच्या मागं, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघरीजवळ दोघं बोलत बसली. आधी वाद झाला, मग त्यानं तिला पेढा भरवला. अर्ध्या तासात तिला उलट्या सुरू झाल्या. आक्काबाईनं हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तिनं जे बघितलं त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टमॉर्टेम केलं. पंचमीचा दिवस. त्या दिवशी आमच्या भागात कुणी काही चिरत नाही. भाजी चिरायची नाही, जमीन खणायची नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. आमच्या मागच्या खोलीत चिरफाडीचं काम करणारा महिपती वीस वर्षांचा अनुभवी माणूस, पण त्यानं सुरीला हात लावायला सपशेल नकार दिला. दाराकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आज चिरायचं नसतंय. उंद्या करू. नायतर तुमचं तुमी करा."

मला संताप आला. शिकलेल्या माणसाला येतो तसा, जरा जास्तच. बाहेर नातेवाईक देहासाठी खोळंबलेले, आत हा पंचमी पाळतोय. मी म्हटलं, ठीक आहे, माझं मी करते. आणि केलं. एकटीनं, रागारागानं, भराभर.

अशा केसमध्ये पोटातले अवयव काढून मिठाच्या दाट पाण्यात घालून पुण्याला सरकारी प्रयोगशाळेत पाठवायचे असतात. त्याला व्हिसेरा म्हणतात. जठर आणि आतडं एका बरणीत, यकृत आणि मूत्रपिंड दुसऱ्या बरणीत, हा नियम. विद्यार्थी असताना मी तो पाठ केला होता, परीक्षेत लिहिला होता. त्या दिवशी टेबलावर एकच बरणी होती. दुसरी स्टोअरमध्ये, आणि स्टोअरची किल्ली स्टोअरकीपरबरोबर त्याच्या गावी, पंचमीला. महिपती पाठमोराच म्हणाला, "एकातच घाला की. मोठी हाय बरनी. आदीचं डाक्टरबी घालायचं."

मी एकातच घातलं. जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड, सगळं. लाख लावून मोहोर केली.

मग छापील फॉर्म भरला. त्यात 'वास' असा एक रकाना असतो. मृतदेहाचं डोकं तपासताना मला उग्र वास आला होता, केसांतून. केस ओले आणि तेलकट होते. उलटी केसांत गेली असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि रकान्यात लिहिलं, 'कीटकनाशकासारखा वास येतो.' कुठून येतो ते लिहिलं नाही. पोट उघडल्यावर आला होता का, तेही लिहिलं नाही, कारण पोटाचा वेगळा वास मी घेतलाच नव्हता. नाकात तो एकदा बसला होता, तेवढं मला पुरेसं वाटलं.

पाच महिन्यांनी पुण्याहून अहवाल आला. दोनच ओळी. बरणीतल्या अवयवांत ऑर्गॅनोफॉस्फरस जातीचं कीटकनाशक आढळलं. जप्त केलेल्या पुड्यातल्या पेढ्यांत विष आढळलं नाही. पहिली ओळ पोलिसांनी लाल शाईनं अधोरेखित केली. दुसऱ्या ओळीचं स्पष्टीकरण त्यांच्याकडे तयारच होतं: त्यानं एकाच पेढ्यात घातलं, आणि तोच तिला भरवला. रामच्या घरातून डाळिंबावर फवारायच्या औषधाची बाटली जप्त झाली होती. तीही त्याच जातीची. तशी बाटली कन्हेरीत कुणाच्या घरात नव्हती ते सांगा म्हणावं! पण रामला जामीन झाला नाही. तो येरवड्याला गेला आणि मी माझ्या ओपीडीला लागले. खरं सांगायचं तर मी त्याला विसरून गेले.

पुढं दोन वर्षांनी, १९९७च्या जुलैत, मला बारामतीच्या कोर्टाचं समन्स आलं. साक्षीची तारीख महिनाभरानंतरची होती. समन्स टेबलावर होतं त्याच आठवड्यात बिरू नावाचा एक मेंढपाळ आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, छकुलीला, खांद्यावर टाकून धावत आला. मुलगी लाळ गाळत होती, अंग थरथरत होतं, बाहुल्या टाचणीएवढ्या. काय प्यायली विचारलं तर बाप शपथेवर सांगत होता, काही नाही. "सकाळधरनं तिच्या पोटात अन्नाचा कण न्हाय बाई."

मी तिला उचलून कॉटवर घेतलं तेव्हा तिचं डोकं माझ्या नाकाखाली आलं. ओले, तेलकट केस. तोच वास.

"हिच्या डोक्याला काय लावलंय?"

बिरू जरा ओशाळला. "उवा लई झाल्या व्हत्या. मेंढरांचं गोचिडाचं औशिद हाय, त्ये तेलातनं लावलं. आमी समदीच लावतो. मेंढरांची कातरनी झाली का अंगाला चोळतो, उरल्यालं पोरींच्या डोस्क्याला."

मी ॲट्रोपीनचं, या विषावरच्या उताऱ्याचं, इंजेक्शन दिलं, पुन्हा दिलं, आणि तिथल्या तिथं कात्रीनं पोरीचे सगळे केस उतरवून साबणानं डोकं तीनदा धुऊन काढलं. संध्याकाळपर्यंत छकुली उठून बसली आणि आपला गोटा हातानं चाचपत भोकाड पसरून रडायला लागली. सगळा वॉर्ड हसला. मी हसले नाही.  माझ्या डोळ्यांपुढे रामचा भिजलेला सदरा होता.

गोचिडाचं औषधही त्याच ऑर्गॅनोफॉस्फरस जातीचं असतं. एक तर माझा संशय खोटा होता, किंवा राम दोन वर्षं फुकट आत होता. हे ठरवायला जगात एकच पुरावा होता, आणि तो मी स्वतःच्या हातानं कालवून ठेवला होता. विष पेढ्यातून गेलं असतं तर ते जठरात सापडलं असतं. डोक्याच्या कातडीतून गेलं असतं तर यकृतात सापडलं असतं, जठर जवळजवळ कोरं राहिलं असतं. दोन बरण्या असत्या तर अहवालात दोन वेगळी उत्तरं आली असती. मी पुण्याला फोन लावला. तपासून उरलेला व्हिसेरा ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, तसा तो वर्षापूर्वीच नष्ट केला होता. फोनवरचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे जे आलं ते आम्ही तपासलं." त्यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

रविवारी मी वरकुट्याला गेले. आक्काबाई अंगणात लोकर पिंजत बसली होती. मला ओळखल्यावर तिनं हातातलं टाकलं, आत जाऊन घोंगडं आणून अंथरलं, चहा ठेवला. दोन वर्षांत ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती.

"आल्या का तुमी! म्या रविराजला म्हनत व्हते, डाक्टरीनबाईंची साक्ष व्हायची हाय, मग सुटका न्हाय त्याची." रविराज तिचा धाकटा मुलगा. "बाई, कोरटात घट सांगा हां. डगमगू नका."

मी कसंबसं विचारलं, "आक्का, त्या दिवशी सकाळी सुकन्या काय करत होती?"

तिचा चेहरा उजळला. लेकीबद्दल कुणी विचारावं याची ती वाट बघत असावी. "काय करनार? माहेरवाशीन. लोळत व्हती. म्या डोकं घेतलं मांडीवर. क्येस बगा तिचं हितपतुर, कमरंच्या खाली. सासरी कोन बगतंय? उवांनी पार खाल्लं व्हतं. पंचमीच्या दिशी फनी लावायची न्हाय, म्हनून आदल्या दिशीच मोकळं करायचं म्हनलं."

"कशानं?"

"औशिद लावलं की, मेंढरांचं. चांगलं चोळून, वर फडकं बांदलं आवळून. आमच्यात दरसालला लावत्यात." तिनं चहाची बशी माझ्यापुढं सरकवली. "घ्या, निवंल."

तिला काहीही कळलेलं नव्हतं. ती मला आपल्या मायेची गोष्ट सांगत होती. मी चहा प्यायले. तोंडापर्यंत आलेले शब्द चहाबरोबर गिळले. एका आईला तिच्याच अंगणात, तिचाच चहा पिऊन, हे सांगायचं कसं? मी भ्याले, दुसरं काही नाही. निघताना तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

सरकारी वकील आप्पासाहेब हे बारामतीतलं बडं प्रस्थ. साक्षीच्या आदल्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला.

"डॉक्टर, तुमच्या रिपोर्टात केसांचा उल्लेख आहे?"

"नाही."

"केस जपून ठेवलेत?"

"नाही."

"मग दोन वर्षांनी तुम्हाला वास आठवला, असं कोर्टाला सांगणार? विचारलं तेवढ्याचं उत्तर द्या. वास येत होता का, हो. विष सापडलं का, हो. उतरून घरी जा." मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आणि त्या बाईचा विचार करा. तिची मुलगी तर गेलीच आहे."

माणूस दुष्ट नव्हता. त्या रात्री मला त्यांचंच म्हणणं पटत होतं, हे कबूल करायला हवं. एकीकडे येरवड्यातला एक तरुण, त्याला मी धड ओळखतही नव्हते. दुसरीकडे ती म्हातारी, तिच्या हाताचा स्पर्श अजून माझ्या पाठीवर होता.

दुसऱ्या दिवशी कोर्टात राम दिसला. गाल बसलेले, केस पांढरे व्हायला लागलेले. अठ्ठावीस वर्षांचा. आक्काबाईची साक्ष आधीच झाली होती, तरी ती दर तारखेला यायची, तशी आलेली होती. दाराजवळ भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिनं मान हलवली, घट सांगा अशी.

आप्पासाहेबांचे प्रश्न पाच मिनिटांत संपले. मग आरोपीचा वकील उठला. सरकारनं दिलेला नवखा मुलगा, हातातल्या कागदावरून ओळीनं प्रश्न वाचत होता. सगळ्या खटल्यांत विचारतात तोच एक प्रश्न त्यानं मान वर न करता विचारला, "विष तोंडावाटेच पोटात गेलं, हे तुम्ही खात्रीनं सांगू शकता का?"

या प्रश्नाला डॉक्टर नेहमी 'हो' म्हणतात. मीही आधी कितीतरी खटल्यांत म्हटलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

वकिलानं मान वर केली. न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं. "का नाही?" त्यांनी विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. बरणी, रकाना, वास कुठून आला ते. आप्पासाहेब दोनदा उठले, न्यायाधीशांनी दोनदा बसवलं. शेवटी न्यायाधीशांनीच विचारलं, "मयताच्या डोक्याला असं औषध लावलं होतं, हे कोण सांगू शकेल?"

 माझी नजर दाराकडे गेली आणि त्यांचीही गेली.

कोर्टाला वाटलं तर साक्षीदाराला पुन्हा पिंजऱ्यात बोलावता येतं. आक्काबाई लगबगीनं आली. आपली पुन्हा गरज लागली म्हणजे काम जोरात चाललंय, असंच तिला वाटलं असणार. शपथ घेतली. न्यायाधीशांनी सौम्यपणे विचारलं, मुलीच्या डोक्याला त्या दिवशी काही लावलं होतं का.

"व्हय सायेब. मेंढरांचं औशिद. म्याच लावलं."

"किती वाजता?"

"न्ह्यारी झाल्याव. धा वाजलं आसतील."

"आणि धुतलं कधी?"

"संद्याकाळी धुनार व्हते. पर दुपारी तिला घाम फुटला, तवा डोक्यावर पानी घातलं..." ती थांबली. कोर्टात एवढी शांतता का झाली ते तिला कळेना. तिनं न्यायाधीशांकडे बघितलं, आप्पासाहेबांकडे बघितलं. ते फायलीत बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. तेवढ्यानं तिला कळलं.

तिनं पिंजऱ्याचा कठडा धरला.  तिनं एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं, की मला नीट आठवत नाही. म्हातारी बाई, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कुणी शंका घेतली नसती.

"सायेब," ती म्हणाली, "ती मला म्हनली व्हती, आई, डोकं चुरचुरतंय, सोड फडकं. म्या म्हनलं, जरा दम काढ की, मरत न्हाईस." तिचा आवाज चिरकला. "आसं म्हनले मी. त्या पोराला सोडा. त्यानं न्हाय केलं."

आरोपीच्या पिंजऱ्यात राम खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. दोन वर्षांत तो पहिल्यांदा रडला, असं मला नंतर त्याच्याबरोबरच्या पोलिसानं सांगितलं.

राम सुटला. निकालपत्रात न्यायाधीशांनी माझ्यावर ताशेरे ओढले. ते मी घरी नेऊन वाचले, आणि त्यातला एकही शब्द मला जास्त वाटला नाही. पण शेवटी लिहिलं होतं, 'विष कोणत्या मार्गाने गेले हे सिद्ध करणारा शास्त्रीय पुरावा उपलब्ध नसल्याने आरोपीस संशयाचा फायदा देण्यात येत आहे.' याहून वेगळं ते लिहू शकत नव्हते. मला वाटलं, संपलं एकदाचं.

दिवाळीनंतर एका सकाळी ओपीडीत रांगेतून आक्काबाई आली. केस पेपर काढला होता. मी म्हटलं, काय होतंय आक्का? तर म्हणाली, "मला काय धाड भरलीय? रामचं काम हाय."

ती स्टुलावर बसली. कन्हेरीत कुणी रामच्या हातचं पाणी घेत नव्हतं. कोर्टानं पुराव्याअभावी सोडला, म्हणजे केलं त्यानंच, नुसतं सापडलं नाही, असं सगळं गाव बोलत होतं. डाळिंबावर फवारायला औषध आणायला गेला तर दुकानदारानं चार माणसांत विचारलं, आता कुणाला? तेव्हापासून तो घराबाहेर पडला नव्हता.

"मी ग्येले की कन्हेरीला," ती म्हणाली. "मारुतीच्या देवळाम्होरं हुबी ऱ्हायले. समद्यास्नी सांगितलं, त्यानं न्हाय, म्या मारली माझी लेक. ह्या हातांनी. तर काय म्हनत्यात ठावं हाय? मामी हाय, भाच्याला वाचवाया लागलीय. लेक तर ग्येलीच, म्हनून मिटवून घेतलं. आसं म्हनत्यात मला!" तिनं डोळे पुसले नाहीत, नुसती माझ्याकडे बघत राहिली. "माझं कोन ऐकत न्हाय. तुमच्या कागदाला मानत्यात. तुमच्या कागदानंच त्यो आत ग्येला का न्हाय? मंग तुमीच लिवून द्या. आक्काबाईच्या हातनं मेली, म्हनून लिवा. शिक्का मारा. मी देवळाव चिकटवते."

बाहेर रांग खोळंबली होती. मी लेटरहेड पुढं ओढलं, पेन उघडलं आणि लिहायला लागले. लिहून झाल्यावर तिनं वाचून दाखवायला सांगितलं. तिला अक्षर येत नव्हतं. मी वाचलं, "मयत सुकन्या हिच्या शरीरात विष डोक्याच्या त्वचेतून गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे... तसं झालेलं असू शकतं."

"असू शकतं न्हाय बाई. झालंच. तुमास्नी म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. 'झालंच' आसं लिवा."

मी पेन हातात धरून बसले. 'वास येतो' असं लिहायला दोन वर्षांपूर्वी मला अर्धं मिनिट लागलं नव्हतं. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं आणि मी बिनधास्त लिहिलं होतं. आता माहीत होतं, तर हात चालेना. ते सिद्ध करणारं जगात काहीही शिल्लक नव्हतं. मी पुराव्याशिवाय लिहिलं तर पुन्हा तेच होईल, माझ्या सहीनं, हेही मला दिसत होतं. आणि समोर बसलेली आई माझ्याकडे मागत होती ते एवढंच, की तिनं आपली मुलगी मारली हे कुणीतरी कागदावर मान्य करावं.

"आक्का, तसं लिहिता येत नाही मला," मी म्हटलं. मला रडू फुटलं, पेशंटसमोर, पहिल्यांदाच.

 तिनं कागद उचलला, उलटसुलट करून बघितला, आणि अलगद माझ्या टेबलावर परत ठेवला.

"ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली. "मी आपली तोंडानंच सांगत ऱ्हाते."

आणि कन्हेरीला जायला बारामतीची गाडी किती वाजता आहे, असं दारातल्या महिपतीला विचारत ती बाहेर गेली.